टेकडीवरचा संपफोड्या

टेकडीवर पुन्हा धावायला लागायचं असं मी ठरवलं, तेव्हा गिरणी संपाला अकरावा महिना लागला होता आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याला दुसरं जादा भोक. पहिलं भोक चांभाराकडून पाडून घेतलं होतं. दुसरं मी घरीच खिळ्यानं पाडलं, कारण त्याच चांभाराकडे त्याच कामासाठी एका वर्षात दोनदा जाणं मला प्रशस्त वाटेना.

ब्याऐंशीचा डिसेंबर होता. मी लालबागच्या वासुदेव चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि फोर्टातल्या एका विमा कचेरीत इतरांच्या आयुष्याची जोखीम ठरवत होतो. स्वतःच्या आयुष्याकडे बघायची वेळ आली ती शेजारच्या धर्मा घाडीमुळे. धर्माची खोली आमच्या भिंतीला लागून. तो जयमंगल मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता; सतरा वर्षं पहिली पाळी. संप सुरू झाला, मिल थंड पडली, भोंगा बंद झाला, पण धर्माच्या अंगातला भोंगा काही बंद होईना. पहाटे पाचला तो उठायचा, दात घासायचा आणि गॅलरीत फेऱ्या मारायला लागायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत बेचाळीस पावलं. हा आकडा मला पाठ आहे, कारण तो मी माझ्या गादीवर पडून मोजलेला आहे.

धर्मा एकटाच नव्हता. खालच्या मजल्यावर कोणी दाराच्या बिजागऱ्यांना रोज तेल घाली, कोणी एकच बादली तीनदा घासून काढी. पलीकडच्या खोलीतल्या एकानं तर स्टोव्ह पूर्ण खोलून पुन्हा जोडला आणि उरलेले दोन स्क्रू कुठले हे शोधण्यात दिवाळी घालवली. अख्ख्या चाळीच्या हातापायांना खाज सुटली होती. अशा वातावरणात ज्याला रीतसर नोकरी आहे अशा माणसालाही अंथरुणात पडून राहण्याची लाज वाटते. शिवाय त्या बेचाळीस पावलांनी झोप येत नसेच.

म्हणून एका पहाटे मी दार उघडून म्हणालो, "धर्मा, चालायचंच आहे तर टाकीच्या टेकडीवर चल. आपण पूर्वी धावायचो तसे धावू."

पूर्वी म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी. मिलच्या मागं पालिकेच्या पाण्याच्या टाकीची टेकडी आहे. तिच्यावर दगडाधोंड्यांतून, वाळक्या गवतातून, बोरीच्या काट्यांतून वर जाणारी एक पायवाट आहे. त्या वाटेवर धर्मा आणि मी थंडीचे चार महिने रोज धावायचो. धर्मा मिलच्या संघातला. टेकडीच्या शर्यतीत तो दर वर्षी पहिला यायचा. मी एकदा तिसरा आलो होतो. त्या वर्षी एकंदर किती जण धावले हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलेलं नाही.

धर्मा फेरी न थांबवता म्हणाला, "धावान काय जिरवू, माधवा? जिरवूक पोटात काय असाक होया मा." मग पलीकडच्या टोकाला जाऊन परत आला आणि म्हणाला, "तू जा. तुझ्याकडे जिरवूक भरपूर आसा."

हा टोमणा होता. पण तो चाळीच्या गॅलरीत, पाण्याला उभ्या असलेल्या सात बायकांसमोर मारला गेल्यामुळे माझा निश्चय पक्का झाला.

एखादा माणूस पोथी वाचायला लागला तर कोणी काही बोलत नाही. धावायला लागला की सगळ्यांना त्याच्या प्रकृतीची काळजी वाटते. पहिले आले समोरच्या खोलीतले अप्पा. अप्पा पालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरही ते घरातल्या घरात शेरे मारत. "थंडी कानातून शिरते," ते म्हणाले. "माझे एक साहेब होते. उत्तम तब्येत. एका डिसेंबरात कान उघडे ठेवून दादर चौपाटीला गेले."

"मग?"

"मग काय! मार्चमध्ये बदली झाली."

थंडीचा आणि बदलीचा संबंध मला कळला नाही, पण अप्पांनी स्वतःची माकडटोपी आणून माझ्या डोक्यावर चढवली. विटकरी रंगाची, डोळे आणि नाकाचा शेंडा सोडून सगळं झाकणारी. त्या दिवशी मुंबईचं किमान तापमान एकोणीस अंश होतं. पण वडीलधाऱ्यांनी दिलेली टोपी काढता येत नाही.

मग लतिका, म्हणजे आमचं कुटुंब. मी बनियनवर निघालेला पाहून तिनं दारातच हात आडवा घातला. "अहो, असे जाणार? बायका पाण्याला उभ्या आहेत!" शर्ट घालून धावलो तर तोच शर्ट घालून कचेरीत कसा जाणार, हा प्रश्न होता. तो धर्मानं सोडवला. ट्रंकेच्या तळातून त्यानं मिलच्या संघाची जुनी जर्सी काढली. निळी, जाड, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'जयमंगल मिल्स' आणि खाली सात आकडा. "घे. माका आता काय उपयोग," असं म्हणून त्यानं ती माझ्या अंगावर टाकली आणि लगेच फेरीला लागला. ती जर्सी त्याच्या अंगात कशी दिसायची ते मला आठवत होतं. माझ्या अंगात ती पोटावर येऊन थांबली.

तिसरी गोष्ट डबा. लतिकेनं कुठल्याशा साप्ताहिकात वाचलं होतं की धावून झाल्यावर पाच मिनिटांच्या आत भिजवलेले चणे खाल्ले नाहीत तर केलेली सगळी मेहनत वाया जाते. पाच मिनिटांत टेकडीवरून घरी येणं अशक्य. तेव्हा चणे टेकडीवर जाणं भाग होतं. घरात रिकामा होता तो दुमजली पितळी डबा. खालच्या पुडात चणे, वरच्या पुडात गूळ.

माकडटोपी, मिलची जर्सी, हातात दुमजली डबा. वाचकांना आत्ताच काय दिसतंय ते मला ठाऊक आहे. मला मात्र ते तीन आठवडे दिसलं नाही. माणूस स्वतःला फक्त आतून बघत असतो, आणि आतून मी वीस वर्षांचा होतो.

पहिल्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी पोचलो, तर फाटकाला कुलूप. संपाच्या गडबडीमुळे टाकीचा बंदोबस्त वाढवलेला. पहारेकरी म्हणाला, "परवानगी आणा." अप्पांना हे सांगताच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी स्वतः अर्ज लिहून दिला, तीन प्रतींत, "विनंती विशेष" पासून "कळावे" पर्यंत. तो घेऊन मी एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही. ज्याला अनुभव आहे तो ओळखेल.

तिथल्या कारकुनानं छापील फॉर्म पुढं केला. टेकडीवर जाण्याच्या प्रयोजनाचे चार पर्याय होते: पाहणी, दुरुस्ती, धार्मिक विधी, शैक्षणिक सहल.

"यात धावणं नाही," मी म्हणालो.

"कशासाठी धावणार?"

"नियमित धावावं म्हणून."

"कोणाच्या मागे की कोणाच्या पुढे?"

"कोणी नसणार. मी एकटाच."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी स्वतः अठरा वर्षं टेबलाच्या त्याच बाजूला काढलेली असल्यामुळे ती नजर मी ओळखतो. समोरचा माणूस खोटं बोलत नाहीये, पण त्याच्यासाठी रकाना नाही, अशी ती नजर असते. शेवटी त्यानं 'धार्मिक विधी' वर खूण केली, पुढं कंसात 'व्यायामविषयक' असं लिहिलं आणि पोचपावती दिली. परवानगी पुढं जूनमध्ये आली. तिच्यात 'केवळ हिवाळ्यापुरती' असा स्पष्ट उल्लेख होता.

मार्ग काढला तो पहारेकऱ्यानंच. मी पोचपावती दाखवताच तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, कागद कागदाच्या जागी राहू द्या. मागल्या गल्लीनं जावा. मिलचं मागलं दार हाय न्हवं, त्याच्या अंगालाच टेकडीची भिंत पडलीया. तिथनं शेळ्या जात्यात, माणसं जात्यात. फक्त मी बघितलं न्हाई." 

दुसऱ्या दिवसापासून माझा दिनक्रम सुरू झाला. सव्वासहाला, रस्त्यावरचे दिवे अजून जळत असताना, मी मागल्या गल्लीत शिरायचो, मिलच्या मागल्या दाराशी इकडेतिकडे बघायचो (शेळ्यांचा मला थोडा संकोच वाटे), आणि झटकन भिंतीच्या खिंडारातून आत जायचो.

आता टेकडीवर काय घडत होतं ते एकदा प्रामाणिकपणे सांगून टाकतो. पायवाटेच्या कडेनं पाण्याच्या नळाचे सिमेंटचे खांब आहेत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत अकरा. पंधरा वर्षांपूर्वी अकरावा खांब मला कधी आला ते कळायचं नाही. या खेपेला पहिल्याच खांबाशी माझा आणि खांबाचा फार निकटचा संबंध आला. सुटे खडे पायाखालून निसटत. घोटा एकीकडे, मी दुसरीकडे. पोटरीत गोळा आला की मी तिरका होऊन, एक हात कमरेवर ठेवून चढायचो आणि दर पन्नास पावलांवर बुटाची नाडी बांधायला वाकायचो. नाडी सुटलेली नसायची. कोणी बघत नसतानाही माणूस का थांबला याला काहीतरी कारण असलेलं बरं. मधूनमधून मी स्वतःशी मोठ्यानं बोलायचो, "चल माधवा, तिसऱ्या खांबापर्यंत. बस्स, तिसऱ्या." तिसऱ्या खांबाशी बसून चणे खायचो.

घरी सांगत असे, "वरपर्यंत जाऊन आलो."

"वरून काय दिसतं?" लतिका विचारायची.

"समुद्र." मुंबईत कुठल्याही उंचीवरून समुद्र दिसतो असं म्हणायला फारसा धोका नसतो.

असे अठरा-एकोणीस दिवस झाले. धावण्याचा नेम पाळला जात होता एवढंच मी त्यातल्या त्यात अभिमानानं सांगू शकतो. आणि त्याच सुमारास चाळीत काहीतरी बिनसलं. धर्माच्या फेऱ्या बंद झाल्या. पहाटे पाचला भिंतीपलीकडे नुसतं बसलेलं कोणीतरी जाणवायचं. पाण्याच्या रांगेत त्याची बायको गुणवंती उभी राहिली की पुढची बाई कळशी उचलून दोन पावलं सरके. मिलच्या दारावर संपकऱ्यांचा पहारा असे, त्यात धर्माची पाळी बुधवारची. ती दुसऱ्याला दिली गेली. आणि एका सकाळी त्याच्या दाराच्या कडीला हिरव्या बांगड्यांचा हार लटकलेला दिसला.

गिरणगावात संपाच्या दिवसांत बांगड्यांचा अर्थ एकच. हा माणूस फुटला. चोरून कामावर जातो. मालकांनी आत काही साचे पुन्हा चालू केल्याची कुजबूज होतीच.

गुणवंती आमच्याकडे येऊन रडली. "वैनी, तो मागच्या शिमग्यापास्ना बिडी सोडून बसलो, पोरांच्या शाळेच्या वह्ये अर्धे केले, पण मिलच्या दाराच्या आत पाय टाकूक नाय. आणि हेनी हार लावल्यानी!"

मी समजूत घातली. ती गेल्यावर मात्र लतिकेला म्हणालो, आणि हे लिहिताना आजही मला बरं वाटत नाही, "काही म्हण, धुराशिवाय एवढे लोक बोलायचे नाहीत. खाली उत्तम सांगत होता, पक्की खबर आहे. मासे विकायला येते ना ती तुळसा कोळीण, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. रोज पहाटे मागल्या गल्लीतून, टेकडीच्या आडानं मिलमध्ये शिरतो. धर्माकडून ही अपेक्षा नव्हती."

लतिका तांदूळ निवडत होती. "चेहरा पाहिला तिनं?"

"चेहरा कसा दिसणार? तोंड झाकून जातो."

"कशानं?"

"माकडटोपीनं."

"अंगात?"

"मिलची जर्सी. पाठीवर नाव, सात आकडा. धर्माचाच आकडा! किती कोडगेपणा!"

"आणि हातात?"

"डबा असतो म्हणे. पाळीचा डबा."

लतिकेनं सूप खाली ठेवलं. "अहो," ती म्हणाली, "जरा खाली बघा."

मी खाली बघितलं. मी नुकताच टेकडीवरून आलो होतो.

मग मी तसाच, जर्सीवर, नाक्यावर धावत गेलो. त्या तीन आठवड्यांतलं माझं सगळ्यात वेगवान धावणं ते, आणि नेमकं ते कोणी मोजलं नाही.

उत्तम हा आमच्या गल्लीतला संप समितीचा माणूस. चाळिशीचा, आवाज बसलेला, अकरा महिन्यांत घोषणा देऊन देऊन. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माधवराव, शेजारधर्म पाळताय, बरं वाटलं. आजकाल कोण कोणासाठी खोटं बोलतो?"

"अरे, खोटं नाही! मी धावतो!"

तो माझ्याकडे वरपासून पोटापर्यंत बघत राहिला. "तुम्ही?"

"रोज."

"कुठे?"

"टेकडीवर."

मागं उभ्या असलेल्या दहा-बारा जणांत कोणीतरी फिस्सकन हसलं. संपात माणसांची दैना झाली होती, रोजची भाजी महाग झाली होती, पण माझ्या धावण्यावर हसायला त्यांच्याकडे अजून शिल्लक होतं. उत्तम गंभीर राहिला. "साक्षीदार कोण?"

आम्ही पहारेकऱ्याकडे गेलो. त्यानं मला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. "बिनपरवानगी कोण आत जात न्हाई," तो म्हणाला, आणि नोकरी राखायची तर त्याला दुसरं काही म्हणता येणार नव्हतं. मग मी अप्पांना घेऊन आलो. अप्पांनी पोचपावती उजेडात धरली, क्रमांक वाचला आणि निकाल दिला, "अर्ज प्रलंबित आहे. ज्याअर्थी परवानगी नाही, त्याअर्थी हा टेकडीवर गेलेला असू शकत नाही."

"अप्पा, टोपी तुम्हीच दिलीत ना मला?"

"दिली. पण तू ती वापरलीस याची नोंद कुठाय?"

शेवटी उत्तमनंच तोड सांगितली. धर्माही त्याचा जुना दोस्त. त्यालाही तो हार बघवत नव्हता. उद्या सव्वासहाला, त्याच गल्लीत, त्याच कपड्यांत माधवरावांनी टेकडी चढायची. खाली तुळसा उभी राहील. ती 'हाच तो' म्हणाली, तर हार आपण स्वतः काढू, सगळ्यांसमोर. ती 'हा नव्हे' म्हणाली, तर पुन्हा कोणी या विषयावर तोंड उघडायचं नाही.

मी धर्माला सांगायला गेलो. तो पाटावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून.

"तू नुसतं बोललास का नाहीस, की मी नव्हतो म्हणून?"

"माका कोणी इचारूक नाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुका पण वाटला मा?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "एक दिवस," मी म्हणालो.

"एक दिवस पुरे," धर्मा म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागल्या गल्लीत पन्नास-साठ माणसं. चाळीतल्या बायका, लतिका, गुणवंती, अप्पा मफलर गुंडाळून. धर्मा सगळ्यात मागं, भिंतीला टेकून. कोणीतरी त्याला ओढून आणला होता. मधोमध तुळसा, माशांची पाटी बाजूला ठेवून, कमरेवर हात. मिलच्या मागल्या दारावर त्याच दिवसापासून बंदोबस्ताचा हवालदार आला होता, तोही काठी टेकून बघायला लागला. पहारेकऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती असं नंतर त्यानंच मला सांगितलं.

मी टोपी चढवली, डबा घेतला. उत्तम म्हणाला, "चला."

आणि इथं माझा घात झाला. पन्नास-साठ माणसं बघताहेत, बायको बघतेय, काल जो फिस्सकन हसला तोही बघतोय, म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. छाती आपोआप बाहेर आली. मान ताठ झाली. खिंडार मी उडी मारून पार केलं. खांब एक गेला, दोन गेला, तीन गेला; गेल्या तीन आठवड्यांचं काहीतरी पायांत मुरलं असलं पाहिजे. पाचव्या खांबापर्यंत मी एकदाही न थांबता गेलो, वळलो आणि खडे उडवत खाली आलो. मनात म्हटलं, बघा! हाच तो!

तुळसानं मान हलवली.

"यो नव्हं."

"नव्हे?" मी धापा टाकत ओरडलो.

"यो नव्हं रं बाबा. यो कसा घोऱ्यावानी धावतंय. त्यो मानूस येगला व्हता. त्यो तिरका तिरका, चिंबोरीवानी. एक हात कमरेवर. मदीच थांबं, खांबाला मिठी मारं, बुटाशी वाकं, नं सोताशीच बोलत बसं. मना वाटलं, बिचाऱ्याला पोटान कल आली. माजे डोल्यान काय मोतीबिंदू नाय परला."

उत्तमनं खाली बघितलं. गुणवंतीनं पदर तोंडात धरला. धर्मा भिंतीपासून सुटला आणि घराकडे चालायला लागला.

मला खरं म्हणजे थांबून विचार करायला हवा होता. पंधरा वर्षांत प्रथमच मला चारचौघांनी चांगलं धावताना पाहिलं होतं. 'घोऱ्यावानी', म्हणजे घोड्यासारखा, असं माझ्याबद्दल याआधी कोणी म्हटलं नव्हतं, नंतरही म्हटलेलं नाही. तेवढं पदरात पाडून घरी जाता आलं असतं. पण धर्माची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीकडे सगळे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर काल सकाळपर्यंत माझीही होती.

"थांबा!" मी म्हणालो. "हे धावणं खोटं होतं. आता खरं दाखवतो."

मी पुन्हा निघालो. या खेपेला खिंडारापाशी इकडेतिकडे बघितलं, शेळीला वाट दिली. पन्नास पावलं गेलो आणि पोटरीत गोळा आला. तो मला आणावा लागला नाही. आधीच्या फेरीनं पुरेसा ऐवज जमवला होता. मी खेकड्यासारखा तिरका झालो. हात कमरेवर गेला. खांब एकला मिठी मारली. वाकून न सुटलेली नाडी बांधली. एवढ्या लोकांसमोर बोलायला जीभ रेटेना, पण मग डोळे मिटून, रोजच्याच आवाजात म्हणालो, "चल माधवा, तिसऱ्या खांबापर्यंत. बस्स, तिसऱ्या."

खालून तुळसाची आरोळी आली, "योच त्यो! योच! अगो माज्ये बाय, योच त्यो चिंबोरी!"

आणि गल्ली हसली. आधी बायका, मग पुरुष, मग हवालदार. अकरा महिन्यांत त्या माणसांच्या तोंडून घोषणा ऐकल्या होत्या, शिव्या ऐकल्या होत्या. असं पोट धरून हसणं ऐकलं नव्हतं. मी तिसऱ्या खांबाशी बसलो. डबा उघडून चणे खाल्ले, कारण तेही रोजच्यासारखंच व्हायला हवं होतं. खाली लतिका हसत नव्हती. ती खांब मोजत होती. अकरा मोजून झाल्यावर ती तिसऱ्याकडे बघत राहिली, आणि समुद्राचा विषय त्या दिवसापासून आमच्या घरात निघाला नाही.

बांगड्यांचा हार उत्तमनं स्वतः काढला. धर्माचा हात धरून काहीतरी बोलला. ते काय होतं ते मी विचारलं नाही. धर्मा परत जाताना माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, आता मिठी मारणार. तो म्हणाला, "तुझां धावणां बघवणा नाय, मेल्या. उद्या साडेपाचाक तयार रव."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दार वाजलं. दारात धर्मा होता, आणि त्याच्या मागं अकरा जण. बिजागऱ्यांना तेल घालणारा होता, बादली घासणारा होता, स्टोव्हवाला होता, उत्तमही होता. कोणी लेंग्यात, कोणी हाफपँटीत, दोघे अनवाणी. "बसून बसून पाय गेले," एक जण म्हणाला, "तुम्ही करू शकता तर..." आणि पुढं सभ्यपणे थांबला.

आम्ही तेरा जण मागल्या गल्लीत धावत शिरलो, तशी हवालदारानं काठी आडवी केली.

"कुठे?"

"टेकडीवर," धर्मा म्हणाला.

"इतके? जमावबंदी आहे. पाच जण एकत्र म्हणजे बेकायदा जमाव."

"आणि चार म्हणजे?"

हवालदार विचारात पडला. "चार म्हणजे चार."

मग त्यानंच व्यवस्था लावून दिली. कालची करमणूक फुकट झाली होती, त्याची भरपाई असावी. चार-चारच्या तीन तुकड्या, दोन तुकड्यांत पन्नास पावलांचं अंतर. धर्मा पहिल्या तुकडीत पुढं. पंधरा वर्षांचा गंज त्यानं सहाव्या खांबापर्यंत झटकला, आणि तिथून पुढं तो जो सुटला तो बघायला उरलेले अकरा जण क्षणभर थांबले.

राहिलो मी. तेरावा.

"तुमचं काय करायचं?" हवालदार म्हणाला. "कुठल्याही चारांत घातलं तर पाच होतात."

बराच वेळ त्यानं हिशेब केला. शेवटी ठरलं की मी शेवटच्या तुकडीच्या मागं एकट्यानं धावावं, किमान पन्नास पावलं अंतर राखून. जवळ गेलो तर कायदा मोडेल आणि त्याला मला उचलावं लागेल. "राखाल ना अंतर?" त्यानं काळजीनं विचारलं.

मी शब्द दिला. तो पाळायला मला काडीचे कष्ट पडले नाहीत. जानेवारीभर शेवटची तुकडी माझ्यापुढं शंभर-दीडशे पावलं असे. कधीकधी ती उतरताना मला चढताना भेटे. मग संप दुसऱ्या वर्षात गेला, काही जण गावी गेले, काही आले, आणि माझा तिसरा खांब हळूहळू सहावा झाला, सातवा झाला. पट्ट्याच्या भोकांचं मी काही सांगत नाही, लोकांना खरं वाटत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ मात्र सांगतो. आठव्या खांबापाशी धुकं होतं, पुढच्या चौघांच्या पाठी दिसत होत्या, आणि मी मान खाली घालून आपला धावत होतो. तेवढ्यात पायथ्यापासून कर्कश शिट्टी आली. मी दचकून खाली बघितलं. हवालदार काठी हलवत माझ्याकडे बोट दाखवत होता.

"ओ माधवराव! मागे व्हा! मागे! अंतर कमी पडतंय!"

तीस वर्षं नोकरी केली, बढत्या मिळाल्या, निरोप समारंभात नारळ मिळाला. पण सरकारी माणसानं काढलेल्या कुठल्याही ताशेऱ्यानं माझी छाती एवढी फुगलेली नाही.